लाल डगला अंगावर चढवण्याआधी
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या 'लिव्हिंग हिस्टरी'वाल्या मंडळींबद्दल लिहिलं होतं. एप्रिल ते डिसेंबर असा त्यांचा हंगाम असतो. त्या काळात ही हौशी माणसं अठराव्या शतकातले सैनिकी कपडे घालतात, राहुट्या ठोकतात, चुलीवर रांधतात, बंदुकीची कवायत करतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काळ समजावून सांगतात. ठाण्यात मी आयुष्यभर शिवणकला शिकवली. लेकीकडे बॉस्टनजवळ राहायला गेले की तिथल्या अशाच एका गटासाठी डगले आणि सदरे शिवते. त्या लेखावर पत्रं बरीच आली. त्यातल्या काहींना इथे उत्तर देते.

*ताई, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही दोघं मुलाकडे बॉस्टनला असू. तुम्ही लिहिलंत ते प्रत्यक्ष बघायचंय. काय चुकवू नये? ह्यांचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही.*
– वाचिका, घोडबंदर रोड, ठाणे

एप्रिलमध्येच पोहोचताय, म्हणजे हंगामाची सुरुवातच मिळेल. मॅसॅच्युसेट्समध्ये एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी 'पेट्रियट्स डे'ची सुट्टी असते. त्या दिवशी उजाडता उजाडता लेक्सिंग्टन गावच्या हिरवळीवर १९ एप्रिल १७७५ ची, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली पहिली चकमक उभी करतात. एका बाजूला कॅप्टन जॉन पार्करचे सत्तर-पंचाहत्तर गावकरी, समोर इंग्लंडच्या राजाची लाल डगल्यातली पायदळ पलटण. त्या पहाटे आठ गावकरी मेले. सगळा प्रसंग काही मिनिटांत आटोपतो, पण लोक अंधारातच येऊन जागा धरतात. यजमानांसाठी घडीचं स्टूल न्या, दोघंही जाड स्वेटर घाला. तिथली एप्रिलची पहाट आपल्या पौषापेक्षा कितीतरी बोचरी असते.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गोळीबार थांबल्यानंतरचं. गावातल्या बायका धावत येतात आणि पडलेल्यात आपला माणूस शोधतात. प्रेक्षकांत तेव्हा कुणी बोलत नाही. नुसता धूर आणि आवाज बघून घाईने परतू नका, थोडं थांबा.

जवळच लेक्सिंग्टन ते काँकर्ड या जुन्या रस्त्यालगत 'मिनिट मॅन' हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे बंदुका उडवून दाखवतात, पण दोन फळ्या समोरासमोर उभ्या करून लढाई दाखवत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत समोरासमोर गोळीबार, मरून पडणं, हातघाई या सगळ्याला नियमानेच मनाई आहे. जिथे माणसं खरोखर मेली तिथे मरण्याचं सोंग आणू नये, ही त्यामागची भूमिका मला मनापासून पटते.

मे ते ऑक्टोबरमध्ये जमेल तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या टिकॉन्डेरोगा किल्ल्यावर जा. मुलाला म्हणावं, दोन दिवस काढ, गाडीने लांब पडतं. १७५५ च्या सुमारास हा किल्ला फ्रेंचांनी बांधायला घेतला, नंतर तो इंग्रजांकडे आणि १० मे १७७५ ला अमेरिकन बंडवाल्यांकडे गेला. तिथली मंडळी दर हंगामाला इतिहासातलं एकच साल निवडतात. कपडे, जेवण, कामं, बोलणं, सगळं त्या एका सालातलं. तिथे शिंपी आणि चांभार समोर बसून काम करत असतात. यजमानांना त्यांच्याजवळ बाकावर बसवा आणि तुम्ही मनसोक्त प्रश्न विचारा. तिथे मला पूर्ण दिवससुद्धा अपुरा वाटतो.

जाण्याआधी दोन तारखा लक्षात ठेवा. बॉस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला जो चहा बुडवला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्यानंतर वर्षभराने, १७७४ च्या डिसेंबरअखेरीस, त्याच कंपनीच्या फौजेने आपला ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. त्यानंतर चार महिन्यांत लेक्सिंग्टन. आपल्या गावाची आणि त्या गावाची गोष्ट एकाच कंपनीच्या वहीत लिहिलेली आहे. हे ठाऊक असलं की त्या हिरवळीवर आपण परके पाहुणे उरत नाही.

*व्हिडिओत बघितलं, दहा बंदुका रोखल्या तर सात-आठच उडतात. हे मुद्दाम करतात का? आणि खऱ्या गोळ्या असतात का?*
– वाचक, कळवा

मुद्दाम नाही. ती चकमकीची बंदूक. घोड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो, तो पोलादी पत्र्यावर आपटला की ठिणग्या खालच्या कानातल्या, म्हणजे बाजूच्या छोट्या वाटीतल्या, दारूवर पडतात आणि तिथून बारीक छिद्रातून आग आत नळीत जाते. गार बोथट झाली, दारू सर्दली, छिद्रात काजळी बसली, की नुसती फुसकी. दमट हवेत हे हमखास होतं. त्या काळच्या इंग्रज शिपायाच्या बंदुकीचं वजन साडेचार किलोच्या आसपास आणि नळीचं तोंड पाऊण इंच. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा.

प्रयोगात गोळी नसतेच. कागदी काडतुसात फक्त दारू असते. ठासणीचा गज सहसा बाहेरही काढत नाहीत, म्हणजे चुकून नळीतच राहून उडण्याची भीती नको. नेम समोरच्याच्या डोक्याच्या बराच वर धरतात. कानातून बाजूला भडका उडतो, त्यासाठी पितळी आडोसा लावतात. सुरू करण्याआधी प्रत्येकाची बंदूक तपासली जाते, नापास झाली तर तो माणूस त्या दिवशी बंदुकीशिवाय उभा राहतो आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नाही.

*काकू, मी घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. असले जुने कपडे मला जमतील का? कुठून सुरुवात करू?*
– वाचिका, कोपरी, ठाणे पूर्व

जमतील. ब्लाउजची कटोरी बसवणाऱ्या हाताला हे अवघड नाही, फक्त वेगळं आहे. सुरुवात सदऱ्यापासून कर. अठराव्या शतकातला युरोपी सदरा जवसाच्या धाग्याच्या कापडाचा, लिननचा. त्यात एकही गोलाई नाही. सगळे आयत आणि चौकोन. अंगाचं कापड एकच लांब, खांद्यावर दुमडलेलं. बाह्या म्हणजे दोन आयत. बगलेत तिरका बसवलेला चौकोन, गळ्याशी छोटे तुकडे. कापल्यावर चिंधीसुद्धा उरत नाही. हातमागाच्या कापडाचं मोल ज्यांना माहीत होतं, त्यांनी काढलेली ही पद्धत. हे सगळं पहिल्यांदा उलगडून पाहिलं तेव्हा मला तर आपला अंगरखाच दिसला. आपल्याकडेही बगलेत चौबगला, बाजूंना कळ्या, हात मोकळा फिरावा आणि कापड वाया जाऊ नये म्हणून. दोन टोकांच्या शिंप्यांनी एकच अडचण एकाच रीतीने सोडवलेली.

डगला मात्र निराळा. लोकरीचं कापड इतकं घट्ट आटवलेलं असतं की कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत. म्हणून बऱ्याच कडा दुमडतच नाहीत, कच्च्याच ठेवतात. आपल्या हाताला ते फार खटकतं. खटकू दे, दुमडू नकोस, दुमडलीस तर कड जाडी होऊन बसत नाही. पाठीचा भाग अरुंद, मुंढा वर चढवलेला, बाही कोपरात वाकवूनच कापलेली. डगला घातला की खांदे आपोआप मागे जातात. कवायतीत शिपाई ताठ दिसतो त्यात अर्धा वाटा शिंप्याचा असतो! आजचा मुलगा मोबाइलवर वाकून वाकून पोक काढलेला, त्याच्या आजच्या मापाने डगला शिवलास तर तो कधीच बसणार नाही. त्याला आधी उभं राहायला शिकव, मग माप घे. त्या वेळी इंचांची टेप नव्हती. प्रत्येक गिऱ्हाईकाची एक कागदी पट्टी असायची, छातीला कुठे आली, बाहीला कुठे आली, तिथे कात्रीने खाच. एकदा करून बघ. आकडा मधे येत नाही, माप थेट अंगावरून कापडावर जातं.

लाल रंगाचंही सांगते. साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा भडक लाल, तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला आणि महाग. गळपट्टी आणि कफ यांच्या रंगावरून पलटण ओळखायची. लेक्सिंग्टनला आलेल्यांत दहाव्या पलटणीचे लोक होते, त्यांची पट्टी पिवळी. नाटकाच्या भाड्याच्या दुकानातल्या चमचमत्या लाल सॅटिनचा यातल्या कशाशीही संबंध नाही, ते आणूच नकोस.

टीप सगळी हाताची. धावदोरा, बखिया, तुरपाई एवढं पक्कं हवं. दोरा मेणातून ओढून घ्यायचा. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकातलं. आतली, न दिसणारी शिवण काही गट मशीनवर चालवून घेतात. मी घेत नाही. हाताच्या टीपेला जो सैलपणा असतो त्याने कापड अंगावर वेगळं पडतं, आणि ते लांबूनही कळतं.

भारतात आज या कामाची मागणी थोडी आहे, तेव्हा लगेच यावर घर चालेल असं धरू नकोस. हात मात्र बसवून ठेव. लोकर-लिनन महाग वाटलं तर खादी घे. हाताने कातलेलं, हातमागावर विणलेलं सुती कापड आपल्या अठराव्या शतकाला सगळ्यात जवळचं, आणि ते ठाण्यात सहज मिळतं. खादीचा एक साधा अंगरखा पूर्ण हाताने शिव आणि घेऊन ये. मी उलटा करून आतून बघेन.

*मॅडम, आम्ही कॉलेजचे बारा-पंधरा जण आहोत. ठाणे किंवा वडगावच्या लढाईचं रीएनॅक्टमेंट करायचंय. बंदुका कुठे मिळतील?*
– विद्यार्थी, ऐरोली

बाळा, बंदुकांपासून सुरुवात करू नकोस. उडणारी बंदूक, मग ती कितीही जुन्या घडणीची असो, शस्त्र कायद्याखाली येते. दारूचा स्फोटक कायदा वेगळा. अमेरिकेतला हौशी माणूस जे सहज बाळगतो ते इथे बाळगता येत नाही, आणि ते वाईट आहे असंही मला वाटत नाही. सुताराकडून वजनदार लाकडी बंदुका करून घ्या. मिरवणूक किंवा उघड्यावर कार्यक्रम असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा, बोथट तलवारी असल्या तरी.

आता विषय. वडगावची मोहीम तुमच्या अंगणातून गेली आहे, ती धरा. १७७८ च्या नोव्हेंबरात कंपनीची फौज मुंबईहून पनवेलला उतरली आणि तिथून बोरघाटाकडे निघाली. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं होतं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवलंय, सामानाला १९,००० च्या वर बैल होते. क्षणभर डोळ्यापुढे आण. जेमतेम चार हजार लढणारी माणसं, आणि त्यांच्यामागे घाटाच्या पायवाटेवर एवढे बैल! त्यांची वैरण, पाणी, हाकणारे, तुटणारे दोर, खचणारी वाट. फौज घाट चढून वर यायला डिसेंबर सरत आला. वर येताच समोर महादजी शिंदे, भिवराव पानशांचा तोफखाना आणि उजाड केलेला मुलूख. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपले लोक ज्याला इष्टुर फाकडा म्हणत, तो हाच. ११ तारखेच्या रात्री कंपनीने अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, साठा जाळला आणि मागे वळली. पुढे वडगावला शरण आली.

यात बंदूक कुठे निर्णायक होती? दाणावैरण निर्णायक होती. म्हणून माझा सल्ला, लढाई करू नका, छावणी करा. टिकॉन्डेरोगावाल्यांसारखं एक साल धरा, १७७८-७९. दोघं बैलवाले व्हा, दोघी दळणकांडण करा, एक जण जासूद, एक लमाण, एक हिशेबाचा कारकून. तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीने बार काढायची, बंदूक घेतलेला एक असू दे, जळता तोडा दारूपासून लांब धरून माणूस दिवसभर वावरायचा कसा, एवढंच त्याने दाखवलं तरी लोक थांबतील. चूल दगडांची. भाकरी, कांदा, मिरची चालेल. बटाटा, टोमॅटो नको. आणि चहा अजिबात नको, घरोघरी चहा पोहोचला तो विसाव्या शतकात! प्लास्टिकची बाटली, मनगटी घड्याळ, चेनची पँट ही छावणीच्या बाहेर.

प्रत्येकाने आपल्या अंगावरच्या आणि हातातल्या प्रत्येक वस्तूबद्दल 'हे कशावरून?' याचं उत्तर तयार ठेवायचं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा, तिथल्या वापरातल्या वस्तू डोळ्यांनी मोजा. जेम्स वेल्सने रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र बघा, पण तो दरबारी पोशाख आहे हे विसरू नका, बैल हाकणाऱ्याच्या अंगावर मलमल नव्हती. ज्याला उत्तर सापडणार नाही ती वस्तू त्या दिवशी घरी राहील. वस्तू कमी पडल्या तरी चालेल.

आणि ठाण्याचंच काही करायचं असेल तर एक नाट्यमय गोष्ट आहे. १८१६ च्या सप्टेंबरात दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातल्या कैदेतून निसटले. बाहेर घोड्याची निगा राखणारा एक जण मराठी गाण्यातून त्यांना सुटकेचा बेत कळवत होता आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, अशी हकीकत सांगतात. त्यात एकही बार काढावा लागत नाही. किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, आत जाता येणार नाही. मासुंदा तलावाकाठी किंवा कॉलेजच्या मैदानावर करा. मला कळवा, कपडे मी बघते.

*आपला लेख वाचला. कौतुक आहे, पण एक बोचतं. ज्यांनी आपलं राज्य घेतलं त्या टोपीकरांचा लाल डगला आपल्या पोरांनी हौसेनं घालायचा? हे शोभतं का?*
– एक ज्येष्ठ वाचक, पनवेल

काका, तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. हौसेनं घालायचा असेल तर नाही शोभत. मिरवायला, फोटो काढायला कुणी तो डगला मागितला तर मी देत नाही.

पण त्या डगल्यात कोण होतं, तेही बघायला हवं. कंपनीच्या मुंबई फौजेत १७६८ पासून शिपायांच्या पलटणी उभ्या राहिल्या. ठाण्याचा किल्ला घेणाऱ्यांत आणि पनवेलहून घाट चढणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा आपल्याच देशातले शिपाई जास्त होते. वर लाल डगला, खाली आखूड जांग्या, पायात चपला. तो माणूस तिथे का गेला? वेळेवर मिळणाऱ्या पगारासाठी? गावात मिळत नव्हता त्या मानासाठी? त्याच्या घरच्यांनी काय सोसलं? तो आपला पूर्वज असू शकतो. त्याला वगळलं तर इतिहासात नुसते साहेब आणि सरदार उरतात. म्हणून त्याचा डगला मी शिवेन, पण तो घालणाऱ्याने या प्रश्नांचा अभ्यास केलेला असला पाहिजे. समोरच्या बाजूचंही तसंच. पेशव्यांकडचे गारदी, तोफखान्यातले लोक, त्यांच्यातही अनेक जातीधर्मांची माणसं होती.

तिकडेही हे प्रश्न सुटलेले नाहीत. व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग हे जुनं गाव १९२६ पासून पुन्हा उभारत आणलं. अठराव्या शतकात तिथली निम्म्याहून अधिक वस्ती काळ्या लोकांची होती, बहुतेक गुलाम. पण कितीतरी वर्षं प्रेक्षकांना दिसत होते ते विग घातलेले मालकच. १९७९ च्या सुमारास काळ्या कलाकारांनी आपल्या लोकांचं जगणं तिथे दाखवायला सुरुवात केली. १९९४ मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा केला तेव्हा मोठा निषेध झाला. काहींना ती वेदनेची विटंबना वाटली, काहींना वाटलं हे दाखवल्याशिवाय खरं सांगितलं असं होत नाही. मला दोन्ही बाजू कळतात.

माझ्यापुरतं मी ठरवलंय की ठाण्याच्या किल्ल्यावरचा हल्ला मी कधी उभा करणार नाही. १७७४ मध्ये आत घुसल्यावर कंपनीच्या लोकांनी आतली बहुतेक शिबंदी कापून काढली. त्यांची नावंसुद्धा आपल्यापाशी नाहीत. त्या माणसांना टाळ्यांसाठी पुन्हा मारायचं हे माझ्याच्याने होणार नाही. त्या शिबंदीचं आदल्या आठवड्यातलं जगणं, पाणी कुठून यायचं, पहारे कसे बदलायचे, खाडीवर कोण लक्ष ठेवायचं, हे दाखवायला मी कधीही तयार आहे. काका, पनवेलच्या जुन्या बंदराच्या, घाटवाटेच्या काही गोष्टी तुमच्या घरात चालत आल्या असतील तर जरूर लिहून पाठवा. ऐरोलीच्या मुलांना त्यांचा फार उपयोग होईल.

*आमच्या बारा वर्षांच्या मुलाला यात भाग घ्यायचाय. चालेल का? त्याला सरळ तलवारच हवी आहे!*
– वाचिका, वाशी

चालेल, तलवारीशिवाय. तिकडच्या गटांत लहान मुलांच्या हातात शस्त्र देत नाहीत. मुलं ढोल आणि पावा वाजवतात, आणि ते काम दुय्यम अजिबात नाही. धुरात आणि गलबल्यात हुकूम ऐकू यायचा नाही, तेव्हा उठणं, जमणं, चालणं, थांबणं, मागे फिरणं सगळं ढोलाच्या ठेक्यावर चालायचं. आपल्याकडे नौबत होती, शिंग होतं. त्याला ताल कळत असेल तर नगारा किंवा ढोल शिकवा, ताल नसेल तर छावणीत पाणी भरणं आणि दोर वळणं आहेच. सदरा मात्र दोन बोटं मोठा शिवून घ्या आणि बगलेत चौबगला घालायला सांगा, या वयात मुलं एका पावसाळ्यात वाढतात.